ईदची गळाभेट आणि बंदचा दगड

अमरावतीत भारतीय जनसंचार संस्थेचे केंद्र आहे. पठाण चौकातली, अकोल्याच्या बैदपुऱ्यातली आमची मुले आता अशा ठिकाणी शिकू पाहतात. त्यातला एखादा वृत्तपत्रात छायाचित्रकार म्हणून उमेदवारी करू लागला की त्याच्या वाट्याला काय येते? ईदगाहवरची गळाभेट आणि बंदच्या दिवशीचा मोहल्ला. ‘तुमच्या एरियात तुम्हाला कोण अडवणार?’ असे वर समजावले जाते. कापसाचा बाजार, अंबादेवीचा नवरात्रोत्सव, अकोल्याची कावडयात्रा दुसऱ्यांकडे. म्हणजे शिकायचे छायाचित्रण आणि करायची मोहल्ल्याची वाटाड्यागिरी! हे आम्हाला मान्य नाही.

दानिश सिद्दीकी दिल्लीच्या जामियात शिकले. रोहिंग्या निर्वासितांच्या छायाचित्रांसाठी रॉयटर्सच्या चमूला २०१८ साली पुलित्झर मिळाले, त्यात ते होते. २०२१ मध्ये कोरोनाच्या लाटेत त्यांनी दिल्लीतल्या जळत्या चिता टिपल्या. ‘तू कब्रस्तानापुरता राहा’ असे त्यांना कोणी म्हटले असते तर देशाचे ते दुःख जगाला तसे दिसले नसते. १६ जुलै २०२१ रोजी अफगाणिस्तानात ते मारले गेले, तेव्हा आपल्याकडे घरोघर हळहळ झाली. पण त्यांच्यासाठी दुआ मागणारे हातच आपल्या लेकीच्या हातातला कॅमेरा काढून घेतात, त्याचे काय?

तस्वीर हराम, असे सांगितले जाते. हजच्या अर्जाला फोटो लागतो, निकाहाचे शूटिंग रात्रभर चालते, जलशाचे फोटो पुढारी स्वतः वाटतात. तेव्हा कोणी फतवा विचारत नाही. मोहल्ल्यातली तुंबलेली नाली, रेशनची रांग, मदरशाचे गळते छप्पर कोणी टिपू लागला की मात्र सगळ्यांना दीन आठवतो.

१२ नोव्हेंबर २०२१ रोजी त्रिपुरातल्या घटनांच्या निषेधार्थ अमरावतीत मोर्चा निघाला, दगडफेक झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदमध्ये पुन्हा तोडफोड झाली. संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झाले. १३ मे २०२३ रोजी अकोल्याच्या जुन्या शहरात समाजमाध्यमावरच्या मजकुरावरून दंगल उसळली, एकाचा जीव गेला. अशा वेळी मोबाईलवरची क्लिप हातोहात फिरते. ती कुठली, कधीची, कोणी काढली, काहीच कळत नाही. ज्याला जे सिद्ध करायचे ते तो तिच्यातून करतो. शिकलेल्या छायाचित्रकाराच्या फोटोखाली ठिकाण असते, तारीख असते, त्याचे नाव असते. तो उद्या चौकशीत उभा राहू शकतो.

आणि हेही आताच सांगून ठेवतो, त्या फोटोत आपल्या पोराच्या हातातला दगड दिसला तर तोही छापला जाईल. तेव्हा ‘हा आपल्यातला असून असा कसा?’ म्हणून त्याच्या अब्बांना मशिदीच्या दारात अडवू नका. फक्त आपली जखम दाखवणारा छायाचित्रकार हवा असेल, तर आपणही त्या संपादकासारखेच त्याला मोहल्ल्याचा नोकर समजतो.

जिनिंगमध्ये रुईच्या कोंड्यात खोकत काम करणारी बाई, रजया भरणारा पिंजारी, बाजार समितीतला हमाल, सोयाबीन भिजलेला शेतकरी. वऱ्हाडातले हे चेहरे टिपायला त्या मुलामुलींना पाठवा. ईदच्या गळाभेटीला यंदा दुसरा कोणी जाईल.