भ्रूणहत्या म्हणजे गर्भपात नव्हे

‘स्त्रीभ्रूणहत्या’ हा शब्द आता एसटीच्या फलकांपासून शाळेतल्या निबंधांपर्यंत सगळीकडे रुळला आहे. हेतू चांगलाच होता. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८९४ मुली उरल्या होत्या. २००१ मध्ये त्या ९१३ होत्या. यावर जळजळीत शब्दच हवा होता. पण त्याची झळ भलत्याच बाईला लागते आहे.

‘भ्रूणहत्या’ हे मूळचे धर्मशास्त्रातले पातक. गर्भ मारणारा तो ‘भ्रूणहा’. काही ठिकाणी तर विद्वान ब्राह्मणाला मारणाऱ्यालाही हेच नाव आहे. १९८०च्या दशकात गर्भजल परीक्षेविरुद्ध मुंबईत चळवळ झाली, १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला. इंग्रजीतल्या ‘फीमेल फेटिसाइड’ला मराठीत हा जुना शब्द तयारच सापडला. वैद्यकात मात्र भ्रूण म्हणजे गर्भ राहिल्यापासूनचे पहिले आठ आठवडे. तेवढ्यात सोनोग्राफीवर मुलगा की मुलगी हे खात्रीने सांगताच येत नाही!

कायदे दोन आहेत. १९९४च्या केंद्रीय कायद्याच्या प्रस्तावनेत ‘फीमेल फेटिसाइड’ येते खरे, पण गुन्हा आहे तो गर्भाचे लिंग तपासणे आणि सांगणे. १९७१चा कायदा वेगळा. त्यानुसार ठरावीक कारणांसाठी, नोंदणीकृत डॉक्टरकडून २० आठवड्यांपर्यंत गर्भपात करता येतो. २०२१च्या दुरुस्तीनंतर बलात्कारपीडितांसारख्या काही स्त्रियांसाठी २४ आठवड्यांपर्यंत.

सरकारी रुग्णालयातल्या बाह्यरुग्ण विभागात बसल्यावर ही गल्लत रोज दिसते. ‘पिशवी साफ करायचीय’ एवढेच बाई कुजबुजते, कारण आपण गुन्हा करतोय असे तिला वाटते. दोन मुलींची आई असेल तर डॉक्टरच बिचकतात, चौकशीची भीती असते. तिला दुसरीकडे पाठवले जाते, तिथूनही परत. यात आठवडे जातात, आणि आठवडे गेले की धोका वाढतो. काही जणी मग गावातल्या भोंदूकडे जातात आणि आमच्याकडे येतात त्या जंतुसंसर्ग घेऊन.

आरोग्य खात्याने फलक बदलावेत. ‘गर्भलिंगनिदान हा गुन्हा आहे’ असे स्पष्ट लिहावे आणि त्याखाली तेवढ्याच मोठ्या अक्षरांत: कायद्यात बसणारा गर्भपात येथे होतो, नाव गुप्त राहते, सज्ञान स्त्रीला नवऱ्याची सही लागत नाही.