घरबसल्या पदवी

घरबसल्या पदवी म्हटली की आपल्याकडे नाके मुरडतात. जणू बाकावर बसल्याखेरीज विद्या अंगी लागतच नाही! अमेरिकेत अटलांटाच्या जॉर्जिया टेकने २०१४ साली संगणकशास्त्राची एम. एस. ऑनलाइन सुरू केली. एटी अँड टी कंपनीने वीस लाख डॉलर दिले, म्हणून सगळ्या अभ्यासक्रमाची फी सुरुवातीला सात हजार डॉलरांच्या आसपास बसली. पदवीपत्रावर मात्र ‘ऑनलाइन’ हा शब्दच नाही. आपल्याकडेही विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली स्पष्ट केले, की मान्यताप्राप्त संस्थेची अशी पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची. (ती मान्यता तेवढी आधी तपासावी, फी मागाहून भरावी.)

आमच्या भाचीला तिच्या कंपनीने अशीच सवलत देऊ केली. निम्मी फी कंपनीची. अट एवढीच, की पुढे दोन वर्षे नोकरी सोडायची नाही, सोडलीत तर पैसे परत. तिचे वडील हरखले. मी म्हटले, "अहो, कंपनीनेच हिला काढले तर?" करारात त्याबद्दल चकार शब्द नव्हता. पोरीने तो लिहून घेतला, मगच सही केली.

पुढे दोन वर्षे ती रात्री जेवणे आटोपली की अभ्यासाला बसे. पदवी हाती आली, स्थळे येऊ लागली. एक गृहस्थ चहा पितापिता म्हणाले, "म्हणजे कॉलेजात गेलीच नाही म्हणा की!"

"नाही," भाची म्हणाली, "पण फी कंपनीने भरली. तुमच्या चिरंजीवांची कोणी भरली?"