वारस नोंद का राहून जाते?

वडील जाऊन दहा-बारा वर्षं झाली तरी सातबाऱ्यावर अजून त्यांचंच नाव आहे, अशी घरं महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात सहज सापडतात. मृत खातेदारांची नावं कमी करून वारसांची लावण्यासाठी महसूल विभागाला २०२५ मध्ये ‘जिवंत सातबारा’ ही मोहीम राज्यभर राबवावी लागली, यावरूनच दुखणं किती पसरलं आहे ते कळतं.

काम तसं डोंगराएवढं नाही. मृत्यूचा दाखला, वारसांची माहिती देणारं प्रतिज्ञापत्र आणि अर्ज तलाठी कार्यालयात द्यायचा. फेरफार धरला जातो, संबंधितांना नोटिसा निघतात, हरकतीची मुदत संपली की मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. ही वर्दी तीन महिन्यांच्या आत द्यावी, असं जमीन महसूल संहितेत १९६६ पासून लिहिलेलं आहे. आता अर्ज ऑनलाइनही भरता येतो. कार्यालयात हेलपाटे पडतात ही तक्रार खरी आहे आणि तिची दखल प्रशासनाने घेतलीच पाहिजे. पण अनेक घरांत पहिला हेलपाटाच घातला गेलेला नसतो.

याला आळस म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण ते आम्हाला पटत नाही. जो माणूस पहाटे चारला उठून गोठ्यात जातो, रात्रपाळीच्या विजेवर पिकाला पाणी देतो, तो आळशी कसा? त्याला कामाचा कंटाळा नसतो. ते काम मनात जे उठवतं ते नको असतं. कपाटातली रेक्झिनची पिशवी उघडायची म्हणजे आधी वडिलांच्या हातचं अक्षर समोर येणार. मग बहिणींचा हिस्सा. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांच्या बरोबरीने हक्क दिला आहे. तेव्हा नोंदीचा विषय काढला की बहिणींशी बोलणं आलं आणि ते नीट झालं नाही तर माहेर तुटण्याची भीती आली. विषय पुढे ढकलला की त्या दिवसापुरतं बरं वाटतं, आणि तेवढ्या बरं वाटण्यापायी वर्षं निघून जातात. टिमोथी पिचिल आणि फ्यूशिया सिरॉइस हे मानसशास्त्रज्ञ दिरंगाईची हीच उकल करतात: माणूस काम टाळत नाही, कामासोबत येणारी अस्वस्थता टाळतो.

म्हणूनच ‘मन लागलं की करू’ हा हिशेब फसतो. असल्या कामाला मन आधी लागत नाही. एखादा कागद हाती आला, एक रकाना भरला, की उरलेल्या कामाची धास्ती कमी होते. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात १९६५ मध्ये हॉवर्ड लेव्हेंथल आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना धनुर्वाताच्या लशीचं महत्त्व पटवून दिलं. नुसतं पटलेल्यांपैकी सुमारे ३ टक्केच लस घ्यायला गेले. ज्यांना दवाखान्याचा नकाशा देऊन कधी आणि कोणत्या वाटेने जाणार ते ठरवायला सांगितलं, त्यांच्यातले सुमारे २८ टक्के गेले. महत्त्व तर दोघांनाही सारखंच कळलं होतं. ‘या महिन्यात नोंदीचं बघू’ आणि ‘सोमवारी बाजाराला जाताना मृत्यूचा दाखला काढून आणू’ यांतही एवढंच अंतर आहे.

उशीर फार झाला याची लाज हा आणखी एक अडसर. ‘इतकी वर्षं काय करत होतात?’ असं कोणी विचारेल म्हणून माणूस जायचंच टाळतो. कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठात झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पहिल्या परीक्षेच्या चालढकलीबद्दल स्वतःला माफ करणाऱ्या विद्यार्थ्यांनी दुसऱ्या परीक्षेला चालढकल कमी केली, असं आढळलं. घरातल्या मोठ्यांनीही मागचं उकरून थोरल्या मुलाला बोल लावणं थांबवावं. बोल लावून नोंद लवकर होत नाही.

मात्र थांबण्याची किंमत मोठी आहे. वारसांपैकी एक जण गेला की त्याची मुलं, बायको यांची नावं वाढतात; कोणी मुंबईला, कोणी सुरतेला. सह्या गोळा करणं दर पिढीला अवघड होतं. पीककर्ज अडतं, रस्त्यात जमीन गेली तर मोबदला अडतो.

सुरुवात बहिणीला फोन करण्यापासून करावी, आणि तो फोन हक्कसोडपत्र मागण्यासाठी नसावा. ‘सगळ्यांची नावं लावतोय, आधार कार्डाची प्रत पाठव’ एवढंच बोलावं. वाटणीचं बोलणं नोंदीनंतरही करता येतं. आणि अर्ज दिला की त्याची पोच घेऊन ती त्याच पिशवीत ठेवावी.