विश्लेषण : शिबिरात झाडाला ‘हॅमॉक’ टांगू द्यावा का? परभणीसारख्या जिल्ह्यात कोणत्या अटी हव्यात?

हॅमॉक म्हणजे दोन झाडांच्या मध्ये टांगायची कापडी झोळी. हलक्या नायलॉनची ही झोळी पाठीवरच्या पिशवीच्या कोपऱ्यात मावते, तंबूपेक्षा स्वस्त असते आणि जमिनीपासून वर झोपण्याची सोय करते. ट्रेकिंग करणाऱ्या तरुणांना ती आता चांगलीच परिचयाची आहे. मात्र महाविद्यालयाच्या किंवा स्काउट-गाइडच्या शिबिरात ती टांगू का, असे विचारले की आयोजकांचे पहिले उत्तर बहुधा ‘नाही’ असेच असते. या नकाराला कारणे आहेत. ती समजून घेतली तर परवानगी मिळवण्याचा मार्गही सापडतो.

परभणीच्या संदर्भात हा प्रश्न वेगळा का?

महाराष्ट्राच्या भौगोलिक क्षेत्रापैकी साधारण साडेसोळा टक्के भागावर वनाच्छादन आहे. परभणी मात्र राज्यातील सर्वांत कमी वनाच्छादन असलेल्या जिल्ह्यांमध्ये मोडतो. जिंतूरकडचा डोंगराळ भाग सोडला तर गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या खोऱ्यातला हा जिल्हा बहुतांश काळ्या मातीच्या शेतजमिनीचा आहे. येथे मोठी झाडे जंगलात कमी आणि बांधावर, शाळेच्या आवारात, देवळापाशी जास्त भेटतात. ती लिंबाची, चिंचेची, आंब्याची किंवा वडाची असतात आणि प्रत्येकाला कोणी ना कोणी धनी असतो. दाट जंगलात एका झाडाची साल खरचटली तर कोणाच्या लक्षात येणार नाही. गावातल्या शाळेसमोरचा एकुलता एक लिंब सोलवटला तर ते सगळ्या गावाला दिसते.

झाडाला झोळी बांधणे या भागाला नवीन नाही. ऊसतोडीला किंवा कापूस वेचायला गेलेली आई बांधावरच्या बाभळीला लुगड्याची झोळी बांधून बाळाला निजवते. पण त्या झोळीत सात-आठ किलोचे बाळ असते, हॅमॉकमध्ये साठ-सत्तर किलोचा तरुण. फरक येथेच पडतो.

झाडाला इजा नेमकी कशी होते?

झाडाचे अन्न पानांत तयार होते आणि सालीच्या आतल्या भागातील रसवाहिन्यांतून मुळांकडे जाते. त्याच्या लगेच आत नव्या पेशी तयार करणारा पातळ थर असतो. खोडाची जाडी वाढते ती या थरामुळे. म्हणजे झाडाचा जिवंत, कामाचा भाग सालीच्या अगदी जवळ असतो. बारीक दोरी सालीत रुतली, घासली किंवा कायम बांधून ठेवली तर हाच भाग चिरडतो. खोडाभोवती पूर्ण वर्तुळात साल गेली तर मुळांना अन्न मिळत नाही आणि झाड हळूहळू वाळते. लहान जखमही बुरशी व किडीला वाट करून देते.

यावरचा उपाय साधा आहे : दोरीऐवजी रुंद पट्टा. ओढ तितकीच असताना सहा मिलिमीटरच्या दोरीऐवजी २५ मिलिमीटर रुंद पट्टा वापरला तर सालीवरचा दाब साधारण एक चतुर्थांश होतो. पन्नास मिलिमीटरचा पट्टा असेल तर एक अष्टमांश. म्हणूनच जगभर हॅमॉक वापरणाऱ्यांत किमान पाऊण ते एक इंच रुंदीचा, न ताणणारा पट्टा वापरण्याचा संकेत रूढ आहे. खिळा, हूक किंवा स्क्रू पूर्णपणे वर्ज्य मानले जातात. बाजेची जुनी नवार किंवा गोणपाटाची घडी पट्ट्याखाली अस्तर म्हणून चालते. माणसाचा भार मात्र वजनक्षमता लिहिलेल्या पट्ट्यावरच टाकावा.

हॅमॉक ताठ बांधला तर काय बिघडते?

नवशिके हॅमॉक बाजेसारखा सपाट व्हावा म्हणून ओढून बांधतात. झाडाचे आणि झोपणाऱ्याचेही नुकसान यातूनच होते. पट्टा आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करत असेल तर साठ किलोच्या व्यक्तीमुळे प्रत्येक झाडावर सुमारे साठ किलोइतकी ओढ येते. कोन १० अंशांवर आला की ही ओढ जवळपास १७३ किलोइतकी होते आणि ५ अंशांवर ३४४ किलोइतकी. हे गणित स्थिर भाराचे आहे. उडी मारून बसल्यावर बसणारा हिसका त्याहून मोठा असतो. त्यामुळे हॅमॉकला चांगला झोल हवा आणि बसण्याची जागा खुर्चीच्या उंचीपेक्षा वर नको.

याच कारणाने शाळेच्या व्हरांड्याचे खांब, कुंपणाची भिंत किंवा फाटकाचे विटांचे खांब हा झाडाला पर्याय नाही. हे बांधकाम वरून येणारा भार पेलते, आडवी ओढ पेलेलच असे नाही. अमेरिकेतील ओहायो राज्यात जून २०२० मध्ये विटांच्या खांबाला बांधलेल्या हॅमॉकमुळे खांब कोसळून दोन बहिणींचा मृत्यू झाला होता.

आयोजक नकार का देतात?

महाविद्यालयांची बहुतेक निवासी शिबिरे राष्ट्रीय सेवा योजनेची असतात. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, १९६९ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत सात दिवसांचे विशेष शिबिर दत्तक गावात घेतले जाते. मुक्काम जिल्हा परिषदेच्या शाळेत, समाजमंदिरात किंवा देवळाच्या सभामंडपात असतो. पन्नासेक मुलामुलींची जबाबदारी कार्यक्रम अधिकाऱ्यावर असते. रात्री सगळे एका छताखाली असले की हजेरी घेता येते. मुले आवारभर विखुरली की ती घेणे अवघड होते. मुलींच्या सुरक्षिततेची काळजी असते, पालकांना उत्तर द्यायचे असते. पडून हात मोडला तर विचारणा हॅमॉकच्या मालकाला होत नाही, ती अधिकाऱ्याला होते.

त्यात झाडे शिबिराच्या मालकीची नसतात. शाळेच्या आवारातील झाडासाठी मुख्याध्यापकांना, गायरानातल्या झाडासाठी ग्रामपंचायतीला आणि बांधावरच्या झाडासाठी शेतकऱ्याला विचारावे लागते. परभणी शहरासारख्या नागरी भागात १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन करण्याबाबतचा राज्याचा कायदा लागू आहे. त्यात झाड तोडण्याच्या व्याख्येत झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणेही येते.

जमिनीपासून वर झोपण्याचा फायदा किती?

हॅमॉकच्या बाजूने सर्वांत वजनदार मुद्दा सर्पदंशाचा आहे. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाल्याचा, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार मृत्यूंचा, संशोधकांचा अंदाज आहे. हे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्यासाठी केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश अनेकदा जाणवतही नाही. म्हणून जमिनीवर न झोपणे आणि मच्छरदाणी नीट खोचून घेणे हा नेहमीचा सल्ला आहे. पन्नास जणांना बाजा मिळणे अवघड असते, तेथे मच्छरदाणीचा हॅमॉक उपयोगी पडू शकतो.

पण हा मुद्दा ताणू नये. महाविद्यालयीन शिबिरे प्रामुख्याने डिसेंबर-जानेवारीत होतात, तेव्हा सापांचा वावर कमी असतो. त्या दिवसांत परभणीचे किमान तापमान अनेकदा दहा अंशांखाली आणि काही वर्षी पाच अंशांच्याही खाली जाते. हॅमॉकमध्ये पाठीखाली हवा खेळते आणि अंगाखालचे पांघरूण दबून निकामी होते, त्यामुळे थंडी खालून लागते. खाली जाड सतरंजी किंवा फोमची चटई नसेल तर रात्र जागून काढावी लागेल.

उन्हाळी शिबिरात अडचण उलटी असते. एप्रिल-मेमध्ये मराठवाड्यात वळवाच्या पावसासोबत विजा पडतात, आणि विजा कडाडत असताना झाडाखाली असणे सर्वांत धोक्याचे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ अॅप जवळपासच्या विजांची सूचना देते. ढग दाटले की हॅमॉक सोडून पक्क्या इमारतीत जायचे, या नियमाला अपवाद नको.

परवानगीसाठी काय मांडता येईल?

‘आम्ही काळजी घेऊ’ या आश्वासनावर कोणताही अधिकारी सही करणार नाही. तपासता येतील अशा अटी लेखी दिल्या तर चर्चा पुढे सरकते. झाड जिवंत, सरळ आणि किमान दोन फूट घेराचे असावे. वाळलेली फांदी डोक्यावर असलेले झाड नको. गुलमोहर आणि शेवग्याचे लाकूड ठिसूळ असल्याने ती टाळावीत. पार बांधलेल्या, पूजेतल्या वड-पिंपळाला हात लावू नये. पावसाने काळी माती फुगून भुसभुशीत झाली असेल तर मुळांची पकडही सैल होते, तेव्हा हॅमॉक टांगू नये. एका जोडीला एकच हॅमॉक, एकावर एक नाही. पट्टा रोज सोडायचा आणि रोज झाड बदलायचे.

पहिल्याच वर्षी रात्रीच्या मुक्कामाचा आग्रह न धरणेही शहाणपणाचे. दुपारच्या विश्रांतीसाठी, अधिकाऱ्यांच्या नजरेसमोर, चार-पाच हॅमॉक टांगून पाहता येतात. टांगण्यापूर्वी आणि शिबिर संपताना झाडाच्या सालीचे छायाचित्र काढून मुख्याध्यापकांना द्यावे. साल शाबूत असल्याचा तो पुरावा पुढच्या वर्षीच्या अर्जाला जोडता येतो. अटीत बसणारी झाडेच आवारात नसतील, तर त्या गावात हॅमॉक नको हे मान्य करावे.

हॅमॉकपुरताच हा नियम का नको?

अनेक शिबिरांत वृक्षारोपणाचा कार्यक्रम होतो आणि त्याच शिबिराचा फलक प्रवेशद्वाराजवळच्या झाडाला खिळे ठोकून लावला जातो. कपडे वाळत घालायची तार आणि मंडपाची दोरी त्याच खोडांना आवळलेली असते. त्यासाठी कोणी परवानगी मागत नाही. पुण्यात २०१८ पासून स्वयंसेवकांनी ‘खिळेमुक्त झाडे’ मोहीम राबवून रस्त्यांवरच्या झाडांचे खिळे काढले. तीच कसोटी शिबिराला लावली तर हॅमॉकचा अर्ज आवारातल्या सगळ्या झाडांच्या उपयोगी पडेल : जे काही बांधायचे ते रुंद पट्ट्याने, अस्तर घालून, ठरावीक वेळेपुरते, आणि खिळा कशासाठीही नाही. असा नियम मुलांनी स्वतः सुचवला आणि आधी फलकाचे खिळे काढून दाखवले, तर हॅमॉकला ‘हो’ म्हणणे कार्यक्रम अधिकाऱ्यालाही सोपे जाईल.