घरचा कायदा : उभा ट्रक आणि मागची मोटार

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याची मंडळी मोटार काढून कोकणात उतरतात आणि येताना वरंधा घाट चढून हिर्डोशीला चहाला थांबतात. गेल्या खेपेस आम्हांला तिथे पोहोचायला अंधार झाला. हिर्डोशीच्या अलीकडच्या वळणावर एक नादुरुस्त ट्रक उभा होता. चाकाखाली दगड, मागे झाडाची एक फांदी आणि दिवा एकही नाही! चिरंजिवांनी वेळेवर ब्रेक दाबला, म्हणून हा मजकूर लिहायला मी शिल्लक आहे.

चहा पिताना सौभाग्यवतींनी विचारले, "अहो, आदळलो असतो तर चूक कोणाची?"

"मागून धडकणाऱ्याची. त्यात काय विचारायचं, आई?" चिरंजीव म्हणाले.

वाचकहो, हे उत्तर घरोघरी मिळते. पण ते अर्धेच खरे आहे.

मोटारीचे नाक ठेंगणे, ट्रकचा हौदा उंच. मोटार त्याखाली शिरली की धक्का थेट काचेवर, म्हणजे आतल्या माणसांवर बसतो. विनायक मेटे १४ ऑगस्ट २०२२ रोजी पहाटे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर गेले, ते मोटार पुढच्या ट्रकवर आदळूनच. म्हणून तर मोठ्या मालट्रकच्या पाठीला खाली आडवा अडसर आणि लाल परावर्तक हवेत, रात्री रस्त्यावर थांबला तर दिवे हवेत, असे नियम आहेत. इतरांना धोका होईल असे वाहन उभे करण्यास कायद्याने मनाई आहे.

आता दोन निकाल पाहा. दोन्ही सर्वोच्च न्यायालयाचे, दोन्ही २०१८ सालचे. पहिल्यात गॅसचा टँकर दिव्यावाचून भर रस्त्यात उभा होता आणि मोटार त्यावर आदळली. उच्च न्यायालयाने निम्मा दोष मोटार चालवणाऱ्यावर टाकला होता. सर्वोच्च न्यायालयाने घटनास्थळाचा नकाशा व साक्ष पाहून सगळा दोष टँकरवर ठेवला. दुसऱ्यात ट्रक चालता होता आणि मोटार त्याच्या मागे जेमतेम १०-१५ फुटांवर. ट्रकने ब्रेक लावला, मोटार आदळली. इथे अंतर न राखणारा मोटारचालकच दोषी ठरला. तेव्हा निकाल लागतो तो पुढचे वाहन कुठे, कसे होते आणि मागच्याने किती काळजी घेतली, यावर.

दोष दोघांचा ठरला, तर चालकाच्या भरपाईतून त्याच्या वाट्याइतकी रक्कम कापली जाते. मात्र मागे बसलेल्या आजीचा आणि नातवंडांचा त्यात काय दोष? ते पूर्ण भरपाई दोहोंपैकी कोणत्याही वाहनाच्या मालकाकडून व विमा कंपनीकडून मागू शकतात. हे २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे.

दोष सिद्ध न करताही मृत्यूबद्दल ५ लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये मिळण्याची तरतूद १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. पण सावधान! ही रक्कम स्वीकारली की मोठ्या भरपाईचा दावा संपतो. मिळवता माणूस गेला असेल, तर त्याचे वय, उत्पन्न आणि त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे यांवरून होणारी रक्कम बहुधा याहून पुष्कळ अधिक असते. सही करण्यापूर्वी वकिलाला विचारा.

दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात लावायचा. अपघात घाटात झाला तरी पुण्यात राहणाऱ्याला तो पुण्यात लावता येतो. कायद्यात मुदत सहा महिन्यांची आहे, ती दुःखात सरू देऊ नका.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पुरावा. जखमींना इस्पितळात हलवल्यावर कोणीतरी मागे थांबावे. ट्रक हलवण्यापूर्वी त्याची पाठ, दिवे, अडसर, रस्त्यावरची जागा आणि क्रमांक यांची छायाचित्रे घ्यावीत आणि पंचनाम्यात 'दिवा नव्हता' हे लिहून घ्यावे. सकाळी ट्रक गॅरेजात जातो आणि दुपारी त्याला नवे दिवे बसलेले असतात!

चहा संपवून निघताना चिरंजिवांनी वेग आपणहून कमी केला. सौभाग्यवतींनी मात्र भोरच्या पोलीस ठाण्यापाशी गाडी थांबवायला लावली आणि त्या ट्रकची खबर देऊनच आम्ही पुढे निघालो.