मूठ मोडली की विमा, राग आला की खिसा

गेल्या वर्षी भांडणात मी दारावर मूठ हाणली. दाराआड बायको होती. माझ्या हाताचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून एक रुपया लागला नाही. टाके काढताना डॉक्टर म्हणाले, "आता रागाचं बघा." म्हणजे दर आठवड्याला समुपदेशन, तासाला हजार रुपये. योजनेच्या आरोग्यमित्राला विचारलं, तर तो ओशाळून म्हणाला, "दादा, अ‍ॅडमिट व्हावं लागतं."

रागासाठी कोण अ‍ॅडमिट होतं? भडका उडायच्या आधीची खूण ओळखायला शिकवणारं माणूस लागतं, तेही महिनोन्‌महिने. 5 लाखांचं कवच मात्र खाटेवर पडल्याशिवाय उघडत नाही. 2017 चा मानसिक आरोग्य कायदा म्हणतो, मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखाच विमा द्या. दिला की! ओपीडी दोन्हींची वगळली. पण हाडाचा इलाज खाटेवर होतो, रागाचा खुर्चीवर. मग ही कसली बरोबरी?

"टेली मानस आहे ना, 14416," असं कुणीतरी म्हणेलच. केला मी फोन, रात्री दीडला, आणि त्या रात्री निभावलं (खोटं कशाला बोलू). पण पुढच्या वेळी दुसरा आवाज, पुन्हा दारापासून सुरुवात.

योजनेच्या यादीत समुपदेशनाचे वीस तास घाला, खाटेची अट न लावता. माझ्या हातावर सरकारने खर्च केला, तो बायकोच्या सुरक्षिततेवर आधी करता आला असता. सध्या मी पंधरा दिवसांतून एकदा जातो. दर आठवड्याला परवडत नाही.