रात्री दुखणारा पाय

चिंचोळी एमआयडीसीत पाळी करून आलेला तरुण पोरगा रात्री पाय धरून बसतो. घरचे म्हणतात, उभ्याने काम करून शीण आला. शेजारी गंडादोरा सुचवतात. आम्ही म्हणतो, आधी कारण शोधा. दुःखाला कारण असते, हीच तथागतांची शिकवण.

दहा ते पंचवीस या वयात, बहुधा मांडीच्या किंवा नडगीच्या हाडात, 'ऑस्टिऑइड ऑस्टिओमा' नावाची बारीक गाठ क्वचित होते. ती सहसा दीड सेंटिमीटरहून लहान असते. दुखणे रात्री वाढते आणि अ‍ॅस्पिरिनसारख्या गोळीने थांबते, ही तिची खूण. साध्या एक्स-रेत ती निसटू शकते. सीटी स्कॅनमध्ये नेमकी सापडते. हा कर्करोग नव्हे. ती शरीरात पसरत नाही. काहींची काही वर्षांत आपोआप शमते, नाहीतर सुईवाटे उष्णता देऊन जाळतात.

मात्र मनाने गोळ्या आणून महिनोन्महिने खाऊ नका. पोट आणि मूत्रपिंड बिघडतात. ईएसआयचे कार्ड असेल तर कामगार विमा दवाखान्यात, नसेल तर सोलापूरच्या सिव्हिलमध्ये हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. दुखणे रात्रीचे आहे, हे आवर्जून सांगा. ताप, वाढती सूज किंवा वजन घटत असेल, तर एक दिवसही थांबू नका.

जयभीम!